दिसतं तसं काढा!

मित्रांनो, फर्स्ट इयरला ईडीच्या शीट्स आपण सगळ्यांनीच काढल्या. काहींनी जीटी मारल्या, ते सोडा! मी आयसोमेट्रिक मात्र स्वतः काढायचे. त्यामुळे आपल्याला ड्रॉइंग येतं, असा माझा पक्का समज होता. सुट्टीत नाशिकला चित्रकलेच्या क्लासला जायला लागले आणि पहिल्याच रविवारी गोदाघाटावर तो समज उतरला.

सरांनी आम्हाला पाण्याजवळच्या पायरीवर बसवलं आणि काठाने दूरवर जाणाऱ्या पायऱ्या काढायला सांगितल्या. मी झटपट काढल्या. प्रत्येक पायरीची उभी बाजू आणि वर पाय ठेवायची जागा, सगळं पट्टीने आखल्यासारखं. तरी घाट अंगावर कोसळतोय असं वाटत होतं. सर म्हणाले, "अगं, त्या वरच्या पायरीवर पाय ठेवायची जागा तुला इथून दिसते का?"

मी नीट बघितलं. दिसत नव्हती! ती असते हे माहीत होतं, म्हणून मी काढली होती.

या विषयाला मराठीत यथार्थदर्शन म्हणतात. इंग्लिश मीडियममुळे मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं, वस्तू जशी आहे तशी काढणे. पण ते काम आयसोमेट्रिकचं. तिथे समांतर रेषा समांतरच राहतात. इथे वस्तू एका ठिकाणाहून जशी दिसते तशी काढायची.

सुरुवात नजरेच्या पातळीपासून करायची. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा. ती जिथे येते तिथे कागदावर क्षितिजरेषा. या रेषेच्या खालच्या पायऱ्यांचा वरचा भाग दिसतो, वरच्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू दिसते. पायऱ्यांच्या लांब कडा दूर जाताना क्षितिजरेषेवरच्या एकाच बिंदूकडे जातात, तो व्हॅनिशिंग पॉइंट. नजरेच्या वरच्या कडा त्याच्याकडे खाली उतरतात, खालच्या कडा वर चढतात. तुम्ही उठून उभे राहिलात की क्षितिजरेषाही तुमच्याबरोबर वर जाते आणि सगळं चित्र बदलतं.

जिन्याची गंमत वेगळी. पायऱ्या सपाट असतात, पण कठडा तिरका. आपल्यापासून दूर वर चढणाऱ्या कठड्याच्या रेषा क्षितिजरेषेच्या वर मिळतात, खाली उतरणाऱ्या कठड्याच्या खाली. हॉस्टेलच्या जिन्यात उभे राहून बघा.

आता माणसं. सपाट जागेवर उभे राहून गर्दी काढायची असेल, तर आपल्याएवढ्या उंचीच्या प्रत्येकाचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, तो जवळ असो की लांब. लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. 10 मीटरवरचा माणूस 20 मीटरवर गेला की चित्रात निम्मा होतो. हे आपले शाळेतले समरूप त्रिकोणच!

हे नियम इटलीतल्या फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्की या आर्किटेक्टने प्रयोग करून दाखवले आणि आल्बेर्तीने 1435 मध्ये पुस्तकात मांडले. पण सराव करायला इटलीला जायची गरज नाही. पांडवलेण्यातल्या 18 नंबरच्या चैत्यगृहात दाराशी मधोमध उभे राहा. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा स्तूपाकडे जवळ जवळ येताना दिसतील. मग खाली बसा आणि पुन्हा बघा. खांब तेच, चित्र वेगळं.

त्या रविवारी मी तीन कागद फाडले. चौथ्यावर घाट उभा राहिला, थोडा वाकडा, पण मी जिथे बसले होते तिथून दिसणारा. सरांनी फक्त मान हलवली. ईडीत पैकीच्या पैकी मिळाले असते तरी एवढा आनंद झाला नसता.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी पेन्सिल हातात घेतलीत की आधी एकच विचारा: हे मला दिसतंय, की फक्त माहीत आहे?