विक्रीपूर्व वाढीच्या डुकरांचा खुराक : प्रथिने किती यापेक्षा प्रथिने कशी

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात नीरा नदीच्या काठी अकलूज वसले आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामुळे या भागात ऊस वाढला, साखर कारखानदारी उभी राहिली आणि उसाच्या जोडीला मका व वैरणीची पिकेही आली. दूध व कोंबडीपालन हे येथील जोडधंदे सर्वांच्या परिचयाचे आहेत. वराहपालन मात्र आजवर काही थोड्या कुटुंबांपुरते राहिले व त्याकडे शेतीचा एक भाग म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. पंचवार्षिक योजनांच्या काळात सुधारित वराहपालनास उत्तेजन मिळून देशात डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारे शासकीय कारखाने निघाले होते; त्यांपैकी एक मुंबईजवळ बोरिवलीस होता. त्या काळापासून पांढऱ्या यॉर्कशायर जातीची व तिच्या संकरापासून झालेली डुकरे बंदिस्त गोठ्यात पाळण्याची पद्धत हळूहळू पसरली. प्रस्तुत लेखातील आकडे अशा बंदिस्त, सुधारित जनावरांचे आहेत. गावातून मोकळी हिंडून पोट भरणाऱ्या देशी डुकरांना ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

बंदिस्त वराहपालनात सर्वांत मोठा खर्च खुराकाचा, आणि त्यातही महाग वस्तू म्हणजे पेंड. साठ किलो वजनाचे डुक्कर शंभर किलोचे होईपर्यंत सव्वाशे ते दीडशे किलो खुराक खाते. या अखेरच्या काळात पेंड कमी करून धान्य वाढवावे असा मोह पालकास होणे स्वाभाविक आहे. तसे अविचाराने केले तर वाढ खुंटते, जनावर मांसाऐवजी चरबी धरते आणि विक्रीचा दिवस लांबतो. याउलट, भीतीने पेंड भरमसाट घातली तर पैसा मुतावाटे वाहून जातो. या दोहोंमधील वाट सापडण्यासाठी प्रथिन म्हणजे काय हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे.

प्रथिन ही एकजिनसी वस्तू नव्हे. ते सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या जोडणीने बनते. डुक्कर जे प्रथिन खाते ते पोटात सुटे होते आणि त्या सुट्या भागांतून शरीर आपले मांस नव्याने बांधते. यांपैकी निम्म्याच्या आसपास आम्ले डुकराचे शरीर स्वतः पुरेशी तयार करू शकत नाही. ती खुराकातूनच यावी लागतात. सुताराकडे बाजा करावयास दिल्या आहेत असे समजा. प्रत्येक बाजेस चार पाय व चार दांड्या लागतात. सुताराजवळ पाय चाळीस असले आणि दांड्या बाराच असल्या, तर बाजा तीनच होणार. उरलेले अठ्ठावीस पाय चुलीतच जावयाचे. डुकराच्या शरीरात हेच घडते. जे आम्ल सर्वांत कमी पडते ते बाकी सर्वांना अडवून धरते, आणि वापरात न आलेल्या आम्लांतील नत्र युरियाच्या रूपाने मुतावाटे बाहेर टाकले जाते.

धान्यावर पोसलेल्या डुकरांच्या बाबतीत ही अपुरी पडणारी दांडी बहुतेक वेळा लायसिन हीच असते. शंभर किलो मक्यात प्रथिने साडेआठ किलोंच्या आसपास असतात, पण लायसिन केवळ पाव किलो. ज्वारीत ते याहूनही कमी, सुमारे २१० ग्रॅम. सोयाबीनच्या पेंडीत शंभर किलोंमागे २ किलो ८०० ग्रॅम लायसिन असते, तर भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने जवळजवळ तितकीच असूनही लायसिन दीड किलोच भरते. दोन पेंडींतील हा फरक पोत्यावर छापलेल्या प्रथिनांच्या आकड्यावरून कधीच कळत नाही, आणि अनेक पालक फसतात ते येथेच.

किती लायसिन लागते, याचा अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९८ साली दिलेल्या शिफारशींवरून घेता येतो. ५० ते ८० किलो वजनाच्या डुकरांच्या खुराकात ते शेकडा ०.७५ व ८० ते १२० किलोपर्यंत शेकडा ०.६० असावे, असे त्यांत म्हटले आहे. टक्केवारी उतरली म्हणून गरज तितकी उतरली असे मात्र समजू नये. पहिल्या टप्प्यात जनावर दिवसास सुमारे अडीच किलो खुराक खाते, दुसऱ्यात तीन किलोंच्या पुढे जाते. ग्रॅममध्ये हिशेब केला तर दोन्ही वेळा ते दिवसाला अठरा-वीस ग्रॅम लायसिन घेते. भूक वाढते, मांस बांधण्याची गती जवळपास तीच राहते, म्हणून खुराक पातळ प्रथिनांचा चालतो. अलीकडच्या अधिक मांसल जातींना याहून काहीसे जास्त लागते. उन्हाळ्यात भूक मंदावली म्हणजेही टक्केवारी थोडी चढवावी लागते, आणि सोलापूरकडील एप्रिल-मे महिन्यांत ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुष्कळ ठिकाणी दिला जाणारा खुराक असा : भरडलेला मका ७७ किलो, भुईमुगाची पेंड २१ किलो, क्षारमिश्रण व मीठ २ किलो. यातील प्रथिने शेकडा सुमारे १५.६ भरतात. १९९८ च्या शिफारशींत ५० ते ८० किलोच्या डुकरांसाठी सांगितलेला आकडा १५.५ असल्याने कागदावर हा खुराक निर्दोष दिसतो. लायसिन मोजले तर ते शेकडा ०.५१, म्हणजे गरजेच्या दोन-तृतीयांशच आहे. असा खुराक खाणारे जनावर आजारी दिसत नाही, लंगडत नाही, खाणेही सोडत नाही. ते फक्त सावकाश वाढते, पाठीवर चरबी धरते, आणि दोष बियाण्याचा की हवेचा याबद्दल पालक तर्क करीत बसतो.

त्याऐवजी दुसरा खुराक असा करावा : मका ८३ किलो ८०० ग्रॅम, सोयाबीनची पेंड १४ किलो, दाणेदार लायसिन २०० ग्रॅम, आणि क्षारमिश्रण, जीवनसत्त्वांची पूड व मीठ मिळून २ किलो. याची प्रथिने शेकडा १३.६ इतकीच, म्हणजे पहिल्यापेक्षा दोनने कमी. परंतु लायसिन ०.७५ भरते. डुक्कर ८० किलोंच्या पुढे गेल्यावर मका ८८ किलो ८५० ग्रॅम, सोयाबीनची पेंड ९ किलो, लायसिन १५० ग्रॅम व क्षारादी २ किलो एवढ्यावर काम भागते. प्रथिने तेव्हा पावणेबारा टक्क्यांच्या आत येतात आणि लायसिन ०.५९ राहते. पेंडीतील ही बचतच कमी प्रथिनांच्या खुराकाचा खरा लाभ होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लायसिनची दांडी पुरी केली की त्यामागची दुसरी दांडी अपुरी पडू लागते. ज्वारीच्या खुराकात ती बहुधा थ्रिओनिनची असते. मक्याच्या खुराकात थ्रिओनिन व ट्रिप्टोफॅन ही दोन्ही जवळजवळ एकदमच उणी होतात, कारण मक्यात ट्रिप्टोफॅन फार थोडे. वर सांगितलेल्या पहिल्या टप्प्याच्या खुराकात थ्रिओनिन गरजेपेक्षा केसभर कमी आहे. मिळाल्यास शंभर किलोंमागे २० ग्रॅम थ्रिओनिन घालावे, न मिळाल्यास पेंड अर्धा किलो वाढवावी. पेंड पार काढून टाकून सगळी भिस्त पुडीतील लायसिनवर ठेवणे ही चूक आहे. टनामागे तीन किलो लायसिन ही व्यवहारातील मर्यादा मानावी.

परवडते की नाही हे पाहण्यास एक सोपा ताळा आहे. सोयाबीनच्या १०० किलो पेंडीचे काम सुमारे ९७ किलो मका व ३ किलो लायसिन करतात. बाजारात जाताना पेंडीच्या क्विंटलचा भाव एका बाजूस आणि ९७ किलो मका अधिक ३ किलो लायसिन यांचा भाव दुसऱ्या बाजूस मांडावा. दुसरी रक्कम कमी असेल तर पेंड उतरविण्यात फायदा आहे. भाव वर्षातून अनेकदा पालटतात, म्हणून हा हिशेब दर खरेदीस करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो पालकांकडून त्यांच्याच वहीत एकदा करवून घेतला तर पुढे सांगावे लागणार नाही.

कुक्कुटखाद्याचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत लायसिन मिळते. आंबवण्याच्या क्रियेने सूक्ष्म जंतूंकडून ते तयार करण्याची रीत जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात निघाली आणि तेव्हापासून ते जनावरांच्या खुराकात घालण्याइतके स्वस्त होत गेले. घेताना पिशवीवरील मजकूर वाचावा. हायड्रोक्लोराइड या रूपात शंभर भागांत सुमारे ७८ भाग लायसिन असते. वरील सर्व आकडे त्या रूपाचे आहेत. सल्फेट या रूपातील मालात ते सुमारे ५५ भाग असते, तेव्हा २०० ग्रॅमऐवजी २८५ ग्रॅम घालावे लागेल. दोनशे ग्रॅम पूड शंभर किलोंत फावड्याने सारखी मिसळत नाही. प्रथम ती दोन किलो बारीक भरड्यात हाताने मिसळावी, ते मिश्रण दहा किलोंत आणि मग सर्वांत मिसळावे. सुटे लायसिन पेंडीतील लायसिनपेक्षा लवकर रक्तात उतरते, म्हणून दिवसाचा सगळा खुराक एकदाच टाकण्यापेक्षा दोन-तीन वेळा विभागून द्यावा. भिजवलेला खुराक आंबेपर्यंत ठेवू नये. आंबताना जंतू सुटे लायसिन खाऊन टाकतात.

स्थानिक मालाविषयी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. माळदांडी ज्वारी डुकरास उत्तम मानवते, पण ती भाकरीचे धान्य असल्याने तिचा भाव बहुधा परवडत नाही. भुईमुगाच्या पेंडीवर पावसाळ्यात बुरशी येते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच बुरशीच्या पेंडीने सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले व त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बुरशीचा वास येणारी पेंड डुकरांना देऊ नये. चांगली पेंड हाताशी असेल तर पहिल्या उदाहरणातील खुराकात ३०० ग्रॅम लायसिन घातल्याने लायसिनची उणीव भरून निघते. सरकीच्या पेंडीत लायसिन थोडे आणि गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असल्याने ती टाळणे बरे. सोयाबीनचे कच्चे दाणे भरडून घालू नयेत. त्यांतील द्रव्ये प्रथिनांचे पचन रोखतात. पेंड तयार होताना उष्णतेने ती नाहीशी झालेली असतात.

उसाच्या मुलखात मळीचा विचार येणारच. क्यूबासारख्या ऊसप्रधान देशात मळीवर डुकरे पोसण्याचे मोठे प्रयोग झाले आहेत. मळी ऊर्जा देते, परंतु तिच्यातील तीन-चार टक्के नत्रयुक्त भाग मांस बांधण्याच्या कामाचा नसतो. शंभर किलो खुराकात २० किलो मका काढून मळी घातली तर ५० ग्रॅम लायसिन व त्याहून थोडे अधिक थ्रिओनिन कमी होते. ते भरण्यास तीन-साडेतीन किलो सोयाबीनची पेंड वाढवावी लागते. याहून अधिक मळीने शेण पातळ होते. मळीचा व्यवहार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली असल्याने खरेदीपूर्वी परवान्याची चौकशी करावी.

खाणावळीतील उष्टे अन्न देणाऱ्यांनी ते चांगले उकळूनच द्यावे. २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर औषध नाही आणि उष्ट्या मांसातून तो पसरतो. अशा अन्नातील लायसिन रोज बदलते, म्हणून त्यावर काटेकोर खुराक बसविणे अशक्य आहे.

मक्याच्या जातीकडेही पाहावे. १९६४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मक्याच्या एका जनुकामुळे दाण्यातील लायसिन व ट्रिप्टोफॅन पुष्कळ वाढतात असे दिसून आले. भारतात त्या आधारे १९७१ साली शक्ती, रतन व प्रोटिना हे वाण निघाले, पण मऊ दाण्यामुळे ते टिकले नाहीत. पुढे कठीण दाण्याचे वाण आले. एचक्यूपीएम-१ हा संकरित वाण २००५ साली प्रसारित झाला. असा मका घरी पिकवून घरीच डुकरांना घालणाऱ्यास पेंड आणखी उतरविता येते. बाजारात त्यास वेगळा भाव मिळेलच असे नाही.

पेंड कमी केल्याचा आणखी एक परिणाम गोठ्याबाहेर दिसतो. खुराकातील प्रथिने एक टक्क्याने उतरली, आणि आम्लांचा तोल सांभाळला, तर शेण-मुतातून जाणारे नत्र सुमारे आठ टक्क्यांनी घटते. गोठ्यातील डोळ्यांना झोंबणारा वास कमी होतो. कालव्याच्या किंवा विहिरीच्या जवळ, वस्तीला लागून गोठा असणाऱ्या पालकास शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे धंदा बंद करण्याची पाळी येते. त्याच्या दृष्टीने हा लाभ पैशाइतकाच मोलाचा आहे.

खुराक बदलल्यावर तो लागू पडला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. काटा नसेल तर फीत चालते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मीटरमध्ये घ्यावी. घेरास घेराने गुणून, त्यास लांबीने व पुन्हा ६९.३ ने गुणावे. घेर १ मीटर व लांबी १.२ मीटर भरली तर वजन सुमारे ८३ किलो येते, म्हणजे त्या जनावरास दुसऱ्या टप्प्याचा खुराक सुरू करण्यास हरकत नाही. मोजणी सकाळी, खुराकापूर्वी, दर पंधरा दिवसांनी त्याच जनावरांची करावी व आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत.