लॅपटॉपसाठी कोणत्या कंपनीची रॅम घ्यावी?

प्रश्न : माझ्या पाच वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की तो रखडतो. अजून ८ जीबी टाकायची आहे. दुकानदार किंग्स्टन, क्रुशल किंवा अ‍ॅडाटा घ्या म्हणतो. मित्राचं म्हणणं, आतली रॅम सॅमसंगची आहे, तर दुसरीही सॅमसंगचीच हवी. दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र चालतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालतात. रॅम जेडेक या संस्थेच्या ठरलेल्या मानकांनुसार बनते, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक सहसा एकत्र नांदतात. शिवाय नावं पुष्कळ दिसली, तरी जगातल्या बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. किंग्स्टन आणि अ‍ॅडाटा बाहेरून चिप घेऊन स्टिक तयार करतात. क्रुशल हा मायक्रॉनचाच ब्रँड. मात्र डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने तो किरकोळ बाजारातून बंद करत असल्याचं मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी सांभाळू, असंही कंपनीने सांगितलं आहे.

म्हणून आधी आपला लॅपटॉप काय स्वीकारतो ते पाहा. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅमचा वेग किती, हे तिथे दिसतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. दुसरा स्लॉट नसेल तर ती वाढवता येत नाही. तुमच्या लॅपटॉपच्या वयाकडे पाहता त्यात डीडीआर४ असण्याची शक्यता जास्त, पण खात्री करूनच घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

आता जुन्या स्टिकवरचं लेबल वाचा. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००’ असं काहीसं छापलेलं असेल. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, ३२०० हा वेग. काही कंपन्या त्याऐवजी २५६०० छापतात; ३२००ला आठने गुणलं की तोच आकडा येतो, म्हणजे माल एकच. मधल्या ‘१आरएक्स८’कडे फारसं कुणी पाहत नाही, पण खरा फरक तिथे आहे. अशा ८ जीबी स्टिकवर आठ चिप असतात. ‘१आरएक्स१६’ असेल तर चारच चिप असतात आणि काही कामांत ती थोडी मंद पडते. एकाच कंपनीच्या एकाच क्षमतेच्या रॅममध्ये हे दोन्ही प्रकार येऊ शकतात. तेव्हा पाकिटावरच्या नावापेक्षा हा आकडा जुळवणं जास्त मोलाचं.

जुनी रॅम २६६६ची असेल आणि नवी ३२००ची घेतलीत, तर दोन्ही २६६६नेच चालतील. म्हणून जास्त वेगासाठी जादा पैसे मोजू नका. क्षमता मात्र सारखी ठेवा. ८ अधिक ८ झाले की दोन्ही स्टिक ड्युअल चॅनलमध्ये एकत्र काम करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा विशेष फायदा होतो.

बसवताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि शक्य असेल तर बॅटरीही सोडवा. स्टिक तिरकी सरकवून खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिप ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली, तर स्टिक लगेच बदलून घ्या.

माझा सल्ला असा : लेबल जुळत असेल, तर नावाजलेल्या कंपन्यांपैकी जिची वॉरंटी तुमच्याच शहरात मिळते आणि जिचं पक्कं बिल दुकानदार देतो, तिची रॅम घ्या. सॅमसंगचाच हट्ट धरायची गरज नाही. पण बिलाशिवाय मिळणारी सुटी स्टिक कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नका.