एका पत्राची किंमत

घरी खुशालीचे पत्र लिहिताना दोन ओळी जास्त झाल्या किंवा एखादी गोष्ट राहून गेली, तर फारसे बिघडत नाही. व्यवहाराच्या पत्राचे तसे नसते. तेथे एक शब्द राहिला, तर माल अडतो, पैसा अडतो आणि कधी कधी कुणाची रोजीही बुडते. ती कशी, ते पाहा.

मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी ही आपल्या राज्यातील यंत्रमागांची मोठी केंद्रे आहेत. समजा, मालेगावच्या एका कारखानदाराने परगावच्या सूत व्यापाऱ्याला असे पत्र पाठवले :

"महाशय, आपला पत्र मिळाला. आपली कीर्ती आम्ही पुष्कळ वर्षांपासून ऐकत आहोत. आपणास पत्र लिहिताना फार आनंद होत आहे. मागच्यासारखेच चांगले सूत लवकर पाठवा. मागच्या खेपेला तुम्ही आम्हाला फसवले, तसे आता करू नका. पैसे नंतर पाठवू."

हे वाचून व्यापाऱ्याला काय कळले? सूत हवे, एवढेच! कोणत्या नंबरचे, किती, कधीपर्यंत, कोणत्या दराने, हे काहीच कळले नाही. मागे त्याने ३० नंबरचे सूत दिले होते आणि ४० नंबरचेही. त्याने अंदाजाने ३० नंबरचे पाठवले. सुताचा नंबर जसा वाढतो, तसे सूत बारीक होते. कारखान्यात तर ४० नंबरच्या बारीक सुताचे कापड विणायचे होते. आलेला माल परत गेला आणि नवा येईपर्यंत आठ दिवस माग बंद राहिले. यंत्रमागावरच्या बहुतेक विणकरांना मजुरी मिळते, ती विणलेल्या कापडाच्या हिशेबाने. माग बंद, तर मजुरी बंद. पत्रात चुकला मालक आणि चूल थंडावली विणकराची!

आता या पत्रातील चुका एकेक करून पाहू या.

मोघम शब्द : 'चांगले', 'लवकर', 'नंतर' हे शब्द बोलताना चालतात. पत्रात त्यांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. कारखानदाराचे 'लवकर' म्हणजे दोन दिवस, तर व्यापाऱ्याचे पंधरा दिवस. म्हणून 'लवकर'च्या जागी तारीख लिहा आणि 'चांगले'च्या जागी नंबर व वजन लिहा.

पाल्हाळ : व्यापाऱ्यापुढे रोज अनेक पत्रे येतात. कीर्ती आणि आनंद वाचायला त्याला सवड नसते. कामाची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा.

रागाचा सूर : उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे तुमची 'शिकायत'. तेव्हा मराठीतल्या तक्रारीत भांडण नको, पुरावा हवा. 'फसवले' म्हटल्याने समोरचा माणूस चिडतो; बिलाची नक्कल दाखवली, तर तो हिशेब तपासतो.

भाषेच्या चुका : उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. पत्र, सूत, बिल, काम हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. म्हणून 'आपला पत्र मिळाला' नव्हे, तर 'आपले पत्र मिळाले' असे लिहावे. तसेच एकाच पत्रात कधी 'आपण', कधी 'तुम्ही' असे लिहू नये.

एक गोष्ट मात्र तुमच्या सोयीची आहे. अर्ज, तारीख, रक्कम, हिशेब, बाकी हे मराठी व्यवहारातले शब्द फारसी-अरबीतून आलेले, म्हणजे तुमच्या ओळखीचेच आहेत. पण सावध राहा! उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समेटाचा कागद. मराठीत नोकरी सोडण्याचा अर्ज. समेटासाठी साहेबांना 'राजीनामा' पाठवाल, तर नोकरी जायची!

आता तेच पत्र नीट लिहू या :

दिनांक : ५ जुलै
विषय : ४० नंबरच्या सुताची मागणी
महोदय,
कृपया ४० नंबरचे ५०० किलोग्रॅम सूत १५ जुलैपर्यंत आमच्या कारखान्यात पोहोचेल असे पाठवावे. दर आपल्या १ जुलैच्या दरपत्रकाप्रमाणे असावा. माल मिळाल्यावर सात दिवसांत रक्कम धनादेशाने पाठवू. मागील खेपेत २० किलोग्रॅम सूत कमी आले होते. त्याची रक्कम या बिलातून वजा करावी. मागील बिलाची नक्कल सोबत जोडली आहे.
आपला विश्वासू,
(सही)

हे पत्र वाचल्यावर व्यापाऱ्याला काही विचारावे लागेल का? नाही. हीच चांगल्या पत्राची खूण.

आज पुष्कळसे व्यवहार मोबाइलवरील संदेशांतून होतात. तेथेही नियम हाच. पाठवण्यापूर्वी एकदा वाचा आणि स्वतःला विचारा : काय, किती, कधी, कोठे आणि कोणत्या दराने? पाचही उत्तरे मिळाली, तरच पत्र पाठवा. त्याची एक प्रत मात्र जवळ ठेवा.

शब्दार्थ
मोघम – अस्पष्ट. पाल्हाळ – उगाच लांबवलेले लिखाण. खेप – एका वेळी आलेला माल. धनादेश – चेक. समेट – तडजोड

स्वाध्याय
१. माग आठ दिवस बंद का राहिले?
२. दुरुस्त करा : तुमचा बिल मिळाला.
३. 'तक्रार' व 'राजीनामा' यांचे मराठी आणि उर्दू अर्थ लिहा.
४. शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तके मागवणारे पत्र लिहा.