जुन्या कपाटास पॉलिश

घरांतील वस्तु नीट ठेवण्यास योग्य जागा नसली म्हणजे चांगल्या वस्तूंचीहि हानि होते, हें आम्हीं अनेकदां वाचलें होतें; परंतु त्याचा अर्थ आम्हांस दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत कळला. आमचे वडीलहि शिक्षक होते. त्यांनीं स्वहस्तें लिहिलेल्या टिपणांच्या अठरा वह्या आम्हीं पत्र्याच्या ट्रंकेंत घालून ती ट्रंक भिंतीशीं जमिनीवर ठेविली होती. ऑक्टोबरांत ती उघडली, तों तळाच्या सात वह्या ओल लागून एकमेकींस चिकटल्या होत्या आणि पत्र्याचा गंज पानांत उतरला होता. त्या आतां वाचतां येत नाहींत. उरलेल्या वह्यांसाठीं लांकडी कपाट घ्यावें असें आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें. परंतु नवें सागवानी कपाट शिक्षकाच्या वेतनांत बसण्याजोगें नव्हतें. म्हणून जुन्या सामानाच्या बाजारांतून एक कपाट आणून तें आपल्या हातांनीं दुरुस्त केलें. त्या कामांत आम्ही काय शिकलों आणि कोठें चुकलों, तें विद्यार्थी मित्रांच्या उपयोगीं पडावें या हेतूनें येथें लिहीत आहों.

जुनें कपाट घेतांना रंग पाहूं नये, सांधे पाहावे. कपाट धरून थोडें हालवावें. चौकट तिरकी होत असेल तर सांधे सैल आहेत असें समजावें. पाठीची फळी व पाय यांना ओल सर्वांत आधीं लागते. पायांत दाभण टोंचून पाहावा. तो सहज आंत गेला, तर लांकूड कुजलें आहे. फळीला बारीक भोकें असून त्यांखालीं पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल, तर लांकूड पोखरणारा किडा अजून जिवंत आहे. असें कपाट स्वस्त मिळालें तरी घरीं आणूं नये. आडबाजूस चाकूनें थोडेंसें खरवडल्यावर सोनेरी तपकिरी रंग दिसला आणि लांकूड हातास किंचित् तेलकट लागलें, तर तें सागवानी असण्याचा संभव फार.

कपाट घरीं आल्यावर त्यावर काय लाविलें आहे तें प्रथम ओळखावें. कापसाचा बोळा पॉलिशाच्या स्पिरिटांत भिजवून न दिसणाऱ्या जागीं घांसावा. पृष्ठभाग मऊ होऊन बोळ्यास तांबूस चिकटा लागला, तर तें लाखेचें पॉलिश होय. कांहींच झालें नाहीं, तर बहुधा तेलरंग किंवा वार्निश. आमच्या कपाटास आंतून लाख होती. बाहेरून मात्र कोणीं तरी हिरव्या तेलरंगाचे दाट हात दिले होते.

येथें आम्हीं पहिली चूक केली. रंग लवकर निघावा म्हणून डाव्या दारावर कॉस्टिक सोड्याचें पाणी फिरविलें. रंग सुटला खरा, परंतु लांकूड काळें पडलें आणि दाराचा एक सांधा उकलला. तीव्र क्षारानें असें लांकूड काळवंडतें, आणि जुने सांधे सरसानें जोडलेले असल्यामुळें पाण्यानें मऊ होतात. दुसरी चूक याहून मोठी. उजव्या दारावरील रंग आम्ही कोरड्या काचकागदानें घांसूं लागलों. ओसरीवर हिरवी धूळ उडत होती, आणि आमची सहा वर्षांची कन्या शेजारीं बसून ती कागदाच्या पुडींत गोळा करीत होती. इतक्यांत शेजारचे वृद्ध सुतारकाका आंत आले. आमच्याशीं एक शब्दहि न बोलतां त्यांनीं प्रथम मुलीला उचलून नळावर नेलें आणि तिचे हात धुतले. मग म्हणाले, “मास्तर, जुन्या रंगांत शिसें असतें. कपाट बिघडलें तर मी नीट करून देईन. पोरीच्या पोटांत गेलेलें शिसें माझ्यानें निघायचें नाहीं.”

हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. वर्गांत आम्ही तेंच शिकवितों. शिशाची धूळ श्वासावाटें व हातांवरून तोंडावाटें शरीरांत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. घरगुती रंगांत दशलक्ष भागांस ९० भागांहून अधिक शिसें नसावें, असा नियम भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगांत किती आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून असा रंग कोरडा घांसूं नये, विस्तवानें जाळूंहि नये. उघड्या हवेंत, हातमोजे घालून, रंग काढण्याचा लेप लावावा. रंग ओला असतांच पत्र्याच्या पट्टीनें खरवडावा, आणि राहिलेला भाग पाण्यांत टिकणाऱ्या काचकागदानें ओलसर ठेवून घांसावा. पाणी मात्र बेताचें असावें. निघालेला रंग कागदांत गुंडाळून पिशवींत बांधावा, जागा ओल्या फडक्यानें पुसावी, आणि काम संपेपर्यंत मुलांस दूर ठेवावें. कन्येच्या रक्ताची आम्हीं तपासणी करविली. चिंतेचें कारण नाहीं असें डॉक्टरांनीं सांगेपर्यंत आम्ही कपाटाकडे फिरकलों नाहीं.

सर्व रंग निघाल्यावर लांकूड पूर्ण वाळूं द्यावें. उकललेले सांधे जुना सरस खरवडून नव्यानें जोडावे आणि शिकंज्यांत आवळून एक रात्र ठेवावे. लोखंडी स्क्रू ओलीनें गंजून लांकडावर डाग पाडतात. त्यांच्या जागीं पितळी घालावे. पितळी बिजागऱ्या चिंचेनें घांसल्या म्हणजे उजळतात. मग नाकावर मास्क बांधून १२०, १८० आणि २२० क्रमांकांच्या काचकागदांनीं क्रमानें, नेहमीं लांकडाच्या रेषांच्या दिशेनें घांसावें. आडवें घांसल्यानें पडलेले ओरखडे पॉलिशाखालीं अधिकच उठून दिसतात. तेलरंग दोष झांकतो, पॉलिश ते दाखवितें. म्हणून पॉलिशाचें निम्म्याहून अधिक काम पॉलिशाची बाटली उघडण्यापूर्वींच व्हावयाचें असतें.

पॉलिशाची लाख ही एका सूक्ष्म किड्याची देणगी आहे. हा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांतील रस शोषून अंगाभोवतीं राळेसारखें कवच तयार करितो. तें शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपांत विकतात, त्यास चपडा म्हणतात. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतहि हीच लाख असे. आणि तिच्या संशोधनासाठीं १९२४ सालीं रांचीजवळ नामकूम येथें स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अर्धा लिटर स्पिरिटांत सुमारें १०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्यावा. कापसाचा बोळा स्वच्छ सुती फडक्यांत बांधून त्यानें पातळ हात द्यावे; एक हात वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. आम्हीं आठ हात दिले. दमट हवेंत लाख पांढुरकी होते, म्हणून हें काम पावसाळ्यांत काढूं नये. स्पिरिट चटकन् पेट घेतें. खिडक्या उघड्या असाव्या आणि विस्तव दूर असावा.

कपाट तयार झाल्यावर तें लांकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून चार बोटें अंतर सोडून ठेवावें, म्हणजे खालून व मागून हवा खेळते. जड वस्तु खालच्या खणांत आणि कागदपत्र वरच्या खणांत असावे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या अकराहि वह्या कोरड्या राहिल्या.

डाव्या दारावरील काळा डाग सुतारकाकांनीं घालवून देऊं केला होता. आम्हींच तो राहूं दिला. आमची कन्या आतां सात वर्षांची आहे आणि आजोबांचें अक्षर हळूहळू वाचूं लागली आहे. वही मागण्यापूर्वीं ती नळावर जाऊन हात धुवून येते. तिला तसें करण्यास आम्हीं कधीं सांगितलें नव्हतें.