लाल दिवा विझला म्हणजे दाब आला असं नाही

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला आणि कुणी वायर काढून तो विझवून दाखवला, तर त्याच्या भरवशावर गाडी हलवू नका.

आमची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आली, इंजिन चांगलं तापलं होतं. हेळवाकच्या अलीकडे गाडी स्लोवर असताना हा दिवा लुकलुकायला लागला. रेस दिली की जायचा, पाय काढला की परत. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने डिपस्टिक पुसून पाहिली. ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये होतं. जवळच्या गॅरेजमधून मेस्त्री आले, त्यांनी प्रेशर स्विचची वायर उपसली आणि दिवा गेला. "स्विच खराब आहे साहेब. वायर अशीच राहू द्या, बिनधास्त जा."

हे ऐकायला पटतं, म्हणूनच धोक्याचं आहे. त्या स्विचला एकच वायर असते. दाब नसला की स्विच तिला इंजिनच्या लोखंडाशी जोडून अर्थ करतो आणि दिवा पेटतो. दाब आला की जोड तुटतो, दिवा विझतो. म्हणजे वायर काढल्यावर दिवा विझणारच, मग स्विच खराब असो की इंजिन कोरडं पडलेलं असो. वायर काढूनही दिवा चालू राहिला, तरच त्या चाचणीतून काही कळतं: वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला लागली आहे. शिवाय हा दिवा साधारण ५ पीएसआयच्या आसपास पेटतो. तो दिसेपर्यंत क्रँकच्या बेअरिंगना ऑइल जेमतेम पोचत असतं. त्या अवस्थेत आणखी थोडं अंतर कापलं की बेअरिंग घासून क्रँकला चिकटतं, इंजिन जाम होतं, आणि मग जुन्या गाडीच्या किमतीइतका खर्च समोर येतो.

गाडी टो करून कराडला नेली. तिथल्या मेकॅनिकने स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावला. गाडी दाखवायला नेताना ही गेजची तपासणी आधी मागा, सगळ्यात आधी. तापलेल्या इंजिनवर हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा जुन्या लोकांचा ढोबळ हिशोब. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आमचा काटा स्लोवर पार खाली बसला होता. स्विच ठणठणीत होता.

इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवल्यावर कारण दिसलं. आधी कधीतरी गॅस्केट बसवताना कुणीतरी सिलिकॉन भरमसाट लावलं होतं. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकलं होतं, वर काळा गाळ बसला होता. जाळी साफ केली, बेअरिंग उघडून पाहिली (ती वाचली होती), ऑइल आणि फिल्टर बदलला. गेज परत लावला तेव्हा काटा वर आला. चेंबरला दगड लागून पोचा आला असेल, तरी जाळीची वाट अशीच चोंदते. खेड्यातल्या रस्त्यांवर हे फार होतं.

डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल पंपाचा पडदा तपासा. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, दाब धरत नाही. ऑइल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट बघा. जाड ऑइल घालून दिवा घालवायचा सल्लाही मिळेल. झिजलेलं बेअरिंग त्याने बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं.

जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवून इंजिन चालू करण्याआधी थांबा. ऑइलचा दिवा पेटलाच पाहिजे. नाही पेटला, तर बल्ब गेलाय की वायर कुणी मुद्दाम काढून ठेवली आहे, हे बॉनेट उघडून बघा आणि मगच पैशांचं बोला.