जिताडा गरविण्याची रीत आणि त्यांतील धोके

भाताची कापणी उरकून मळणीस थोडा अवकाश असतो, अशा दिवसांत आपल्या वसई तालुक्यातील पुष्कळ शेतकरी बंधू सायंकाळी काठी व दोर घेऊन खाडीच्या काठी जातात. मासा मिळाला तर कालवणाची सोय होते, न मिळाला तर दिवसाचा शीण जातो. हा छंद वरकरणी निरुपद्रवी दिसतो. तथापि त्यात कोणाचा अंगठा फाटतो, कोणाच्या तळपायात शिंगाळ्याचा काटा मोडतो आणि क्वचित एखादा गृहस्थ परत येतच नाही. मासा लागणे हे जसे नशिबाचे मानतात, तसाच अपघातही नशिबाचा मानून लोक स्वस्थ बसतात. आमचे मत निराळे आहे. मासा लाभणे आणि मनुष्य सुखरूप घरी येणे, या दोन्ही गोष्टी पाणी ओळखण्यावर अवलंबून आहेत. म्हणून हा विषय पाठासारखा क्रमाने मांडीत आहो.

माशाची ओळख. अमेरिकेत नद्या व सरोवरे यांतून बास नावाचा मासा गळाने धरण्याचा मोठा शौक आहे. आपल्याकडे त्याच्या तोडीचा मासा म्हणजे जिताडा. यास कोळी लोक खजुरी असेही म्हणतात. बंगालात हाच भेटकी, मलबारात काळांजी, आंध्रात पंडुगप्पा आणि ऑस्ट्रेलियात बॅरामंडी या नावाने प्रसिद्ध आहे. अंग रुपेरी, पाठ करडी, तोंड मोठे व खालचा जबडा पुढे आलेला, आणि काळोखात कंदिलाचा उजेड पडताच डोळा लालसर चमकतो, ही त्याची खूण होय. तो मांसाहारी असून दबा धरून शिकार करतो. तिवराची मुळे, पुलाचा खांब, बुडालेले झाड, उघाडीचे तोंड अशा आडोशास तो उभा राहतो आणि प्रवाहाबरोबर येणारी कोळंबी किंवा बोयटे गिळतो.

त्याचे जीवन दोन पाण्यांत चालते. वीण खाडीमुखाच्या खाऱ्या पाण्यात, पावसाळ्याच्या सुमारास होते. पिले भरतीबरोबर खाजणांत, ओहळांत व नदीच्या गोड्या पाण्यात शिरतात आणि वाढून पुन्हा विणीसाठी खाडीमुखाकडे उतरतात. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस वैतरणा, तीस मिळणारी तानसा, आणि दक्षिणेस उल्हास नदीचे मुख म्हणजे वसईची खाडी, असा दोन्ही अंगांनी या माशाचा मार्ग आहे.

भरतीचे गणित. ज्यास तिथी ठाऊक आहे, त्यास भरती ठाऊक असते. आपल्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकास ३ ने गुणून ४ ने भागावे. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, दिवसा एकदा व रात्री एकदा. उदाहरणार्थ, षष्ठीस ६ गुणिले ३ म्हणजे १८, भागिले ४ म्हणजे साडेचार. अष्टमीस हाच आकडा ६ येतो. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांत हा हिशेब लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. हा हिशेब समुद्रकाठचा आहे. खाडीतून आत जावे तसतशी भरतीस थोडी उशीर होते, म्हणून आपल्या नेहमीच्या जागेचा फरक घड्याळ लावून एकदा टिपून ठेवावा. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा पाणी उंच चढते व वेगाने धावते. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे पाणी असते, ते मंद. नवशिक्याने भांगाच्या पाण्यातच आरंभ करावा.

वेळ व जागा. खारजमिनीच्या उघाडीतून ओहोटीचे पाणी बाहेर पडते तेव्हा त्याबरोबर कोळंबी व बारीक मासळी वाहून येते. जिताडा त्या तोंडाशी वाट पाहत असतो. म्हणून ओहोटीचा अखेरचा प्रहर आणि भरतीचे पहिले दोन तास उत्तम. त्यातही पहाट किंवा तिन्हीसांज साधली तर अधिक बरे. पाणी स्थिर असता मासा सुस्त असतो आणि पहिल्या पुराच्या गढूळ लोंढ्यात तो आमिष पाहू शकत नाही. अशा वेळी घरी राहण्यात शहाणपण आहे.

साधने व आमिष. दोर दहा ते पंधरा किलो भार सोसणारा असावा. परंतु गळाजवळचा हातभर तुकडा त्याहून बराच जाड पाहिजे, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरील झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते व झटापटीत ती बारीक दोर कापून टाकते. त्याचे तोंड हाडाळ असल्याने गळ बोथट असता रुतत नाही. प्रत्येक खेपेस गळाचे टोक नखावर घासून पाहावे. घसरले तर कानशीने धार लावावी. आमिषास जिवंत कोळंबी किंवा बोटभर बोयटे सर्वांत चांगले. कोळंबी शेपटाच्या बाजूने अशी ओवावी की ती मरणार नाही.

मासा लागताच तो पाण्याबाहेर उसळी घेतो व डोके झटकतो. त्या क्षणी दोर ताणून धरल्यास गळ सुटतो. काठीचे टोक माशाच्या दिशेने खाली करून क्षणभर ढील द्यावी आणि तो पाण्यात पडताच पुन्हा ताण घ्यावा. मुळांकडे धाव घेऊ लागल्यास मात्र ढील देऊ नये. शेवटी मासा हाताने न उचलता जाळीच्या झोळीत घ्यावा.

या विद्येचा अभ्यास करणे कमीपणाचे नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील महसुली अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि १८८७ साली तळ्यांतील गरविण्यावर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले. महसुलाच्या कामात आयुष्य घालविणाऱ्या मनुष्यासही पाणी पाहावेसे वाटते, हे आम्हांस पटते.

अपघात व त्यांवरील उपाय. आता मुख्य भागाकडे वळू.

पहिला अपघात हाताचा. आमच्या पुतण्याने तीन किलोंचा जिताडा कल्ल्यात बोटे घालून उचलला. माशाने एक झटका दिला आणि अंगठ्याचे पेर हाडापर्यंत चिरले. कल्ल्यात बोट कधीही घालू नये. ओले जाड फडके हातावर घेऊन खालचा जबडा धरावा व दुसरा हात पोटाखाली द्यावा. जखम झाल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन, फडक्याने दाबून रक्त थांबवावे व धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी. उघडी जखम घेऊन पावसाळ्यात खाचरात किंवा साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ज्वर अशाच वाटेने शरीरात शिरतो.

दुसरा अपघात शिंगाळ्याचा. जिताड्यासाठी टाकलेल्या आमिषावर शिंगाळा वारंवार लागतो. त्याच्या पाठीवर एक व दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक असे तीन विषारी काटे असतात. त्यावर पाय पडल्यास वेदना असह्य होते. भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात तो अवयव अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या धडक्या हाताने पाहावे. काटा आत मोडला असल्यास डॉक्टरांकडेच जावे.

तिसरा अपघात गळाचा. कातडीत रुतलेला गळ उलटा ओढू नये. त्याचा आकडा मांस फाडतो. दोर कापावा, गळ हलणार नाही असा बांधावा आणि दवाखाना गाठावा. डोळ्याजवळच्या गळास तर स्पर्शही करू नये. गळ फेकण्यापूर्वी मागे कोण उभे आहे हे पाहण्याची सवय लावल्यास हा प्रसंग येत नाही.

चौथा, विजेचा. हल्ली बाजारात मिळणाऱ्या कार्बनच्या काठ्यांतून विजेचा प्रवाह वाहतो. खाडीवरून व बांधावरून गेलेल्या तारांखाली अशी काठी उभी धरू नये, आणि आभाळ गडगडू लागताच काठी खाली ठेवून पक्क्या घराचा आश्रय घ्यावा. आमच्या नोकरीच्या काळात वीज पडून व पुरात वाहून मरण पावलेल्यांचे पंचनामे आमच्या हातून गेले. त्यातील कित्येकांस थोडा वेळ आधी निघता आले असते.

पाचवा, चिखल व भरती यांचा. हा सर्वांत घातक असून तो आमच्यावरच गुदरला आहे. शुद्ध चतुर्दशीचा दिवस होता. चौदाच्या हिशेबाने भरती साडेदहाची, म्हणजे ओहोटीचा तळ दुपारी साडेचारच्या पुढे. आम्ही तीनच्या सुमारास वैतरणेच्या काठी एक ओहळ ओलांडून तिवरांच्या उंचवट्यावर गेलो. ओहळात तेव्हा पोटरीभर पाणी होते. साडेपाचला जिताडा लागला. तो मुळांत शिरला आणि त्यास सोडविण्यात तासभर गेला. गणित आम्हांस येत होते, पण लक्ष दोराकडे होते. मागे वळून पाहिले तो ओहळ छातीभर भरला होता. भरती समोरून येते असे आपण समजतो. वस्तुतः ती आधी सखल ओहळांतून शिरते व आपल्या पाठीमागची वाट प्रथम बंद करते. आम्ही काठी, टोपली व मासा टाकून तिवराच्या फांदीस धरून राहिलो. एका होडीवाल्याने हाक ऐकली म्हणून हा लेख लिहिण्यास शिल्लक आहो.

यावरून नियम असा: ओहळ ओलांडून जाऊ नये. गेल्यास तळाची वेळ होताच मासा असो वा नसो परतावे. एकट्याने जाऊ नये. चिखलात पाय रुतल्यास धडपड करू नये. अंग मागे टाकून, भार पसरून, एकेक पाय सावकाश सोडवावा.

मोठा मासा कोण? आता एक गोष्ट अशी सांगतो की जी पुष्कळांस नवल वाटेल. जिताडा जन्मतः नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, सामान्यतः सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर, तोच मादी बनतो. याचा अर्थ असा की, पाच-सहा किलोंहून जड जिताडा बहुतांशी मादीच असते आणि एकेका विणीत ती लाखोंनी अंडी घालते. मोठा मासा मारून मिरविण्यात आपण बियाण्याचे भात कुटून खातो. मध्यम आकाराचा एक घरी न्यावा, अगदी लहान व फार मोठा सोडून द्यावा. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे तर १८९७ सालीच कायद्याने निषिद्ध ठरविले गेले.

बावखलातील जिताडा. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली या माशाची कृत्रिम वीण यशस्वी केली. तेव्हापासून बोटुकली विकत घेणे शक्य झाले आहे. ती गोड्या पाण्यास सरावून बावखलात सोडता येतात, मात्र तेथे वीण होत नाही. एकाच मापाची बोटुकली सोडावी, कारण मोठे भावंड लहानास गिळते. रोहू-कटल्याच्या पिलांबरोबर ती मुळीच सोडू नये. बावखलाचे काठ उभे व शेवाळाने निसरडे असतात. तेथे लहान मुलांस एकटे सोडू नये आणि काठावर बांधलेला एक दोर नेहमी लोंबता ठेवावा. गावतळ्यात गरविण्यापूर्वी मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे हे विचारून परवानगी घ्यावी.

शेवटी एक विनंती. आपल्या वाडवडिलांनी खणलेली बावखले शिंपण्यासाठी होती. पावसाचे पाणी तेथे मुरून विहिरी गोड राहत. आज जमिनीचा भाव पाहून ती भरून टाकण्याचा मोह होतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारात पाणी तुंबले, तेव्हा पाण्यास जागा लागते हे सर्वांनी पाहिले. तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई कायम केली, परंतु आपल्या वाडीतील बावखल राखणे आपल्याच हाती आहे. ओहळ, तिवर व बावखल राहिले तर जिताडा राहील. ज्यास भरतीचे गणित पाठ आहे व वेळेवर परतण्याचा निश्चय आहे, त्याने तो खुशाल गरवावा. आपल्या मुलास काठी देण्यापूर्वी तिथीचा हा हिशेब शिकवावा, इतकेच मागणे आहे.