नावापुढच्या ‘डॉक्टर’पेक्षा नोंदणी क्रमांक मोलाचा

फिजिओथेरपीला प्रवेश घ्यावा की नाही, हे विचारायला येणाऱ्या पालकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. मुलीच्या नावापुढे ‘डॉक्टर’ लागेल का? एमबीबीएसची जागा हुकली म्हणून हे घेतोय, पुढे पस्तावायची वेळ तर येणार नाही ना? परदेशात वाव आहे का? प्रश्न रास्त आहेत. पण या सगळ्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पदवी मिळाल्यावर नोंदणी कुठे होणार, आणि ती देणाऱ्या परिषदेचे अधिकार काय? याचं उत्तर समजलं, की वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधणं सोपं जातं.

परवाना हवाच कशाला?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांची पोटरी सुजली आहे, दुखते आहे. मालिश करणारा म्हणतो, ‘दोन दिवस चोळून देतो, उतरेल.’ शिकलेला फिजिओथेरपिस्ट मात्र तिथे हात आखडता घेतो. ती सूज शिरेत झालेल्या रक्ताच्या गुठळीची असू शकते, आणि चोळल्याने गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे त्याला ठाऊक असतं. तो आधी रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवतो. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला असेल, तर व्यायाम शिकवत बसायचं नाही, तातडीने सर्जनकडे धाडायचं, हेही तो जाणतो. काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हे कळणं, ही या व्यवसायातली खरी विद्या आहे.

रुग्णाला मात्र समोरच्या माणसाकडे ही विद्या आहे की नाही, हे वरून दिसत नाही. पांढरा कोट दोघांच्याही अंगावर असू शकतो. म्हणून ते तपासून सांगण्याचं काम कायद्याने परिषदेकडे दिलं आहे. परिषद आधी रुग्णाच्या रक्षणासाठी आहे. व्यावसायिकाची प्रतिष्ठा त्यातून आपोआप उभी राहते.

कायद्यासाठी अर्धं शतक

महाराष्ट्राचं या क्षेत्रातलं स्थान पहिल्यापासून मोठं आहे. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. पोलिओने हातपाय लुळे पडलेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा तीव्र होता. त्याच काळात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, केईएममध्येच फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ स्थापन झाली. पण राज्याच्या कायद्याला २००२ साल उजाडावं लागलं. त्या कायद्यातून महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आली. दिल्लीने असाच कायदा १९९७ मध्ये केला होता. अनेक राज्यांत मात्र पुढेही बरीच वर्षं स्वतंत्र परिषद नव्हती.

इथे पालकांनी एक फरक लक्षात घ्यावा. असोसिएशन ही व्यावसायिकांची संघटना असते, तिचं सदस्यत्व ऐच्छिक असतं. परिषद ही कायद्याने निर्माण झालेली संस्था असते. भिंतीवर संघटनेचं प्रमाणपत्र लावलं म्हणजे नोंदणी झाली, असं होत नाही.

परिषद काय करते?

पहिलं काम नोंदवहीचं. पदवी मान्य विद्यापीठाची आहे का, इंटर्नशिप पूर्ण झाली आहे का, कागदपत्रं खरी आहेत का, हे तपासून नाव नोंदवहीत घेतलं जातं आणि नोंदणी क्रमांक मिळतो. त्याशिवाय फिजिओथेरपिस्ट म्हणून व्यवसाय करता येत नाही.

दुसरं काम नोंदणी जिवंत ठेवण्याचं. ठरावीक मुदतीने तिचं नूतनीकरण करावं लागतं. पत्ता बदलला, नाव बदललं, उच्च पदवी मिळाली, तर ती नोंद करून घ्यावी लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची परदेशी अर्जाच्या वेळी जी धावपळ होते, ती वेळेवर नोंद केली असती तर टळली असती.

तिसरं काम सर्वांत जबाबदारीचं, आचारसंहिता आणि शिस्तीचं. रुग्णाची संमती न घेता उपचार करणं, त्याची माहिती बाहेर फोडणं, ‘सात दिवसांत स्लिप डिस्क बरी’ अशा जाहिराती करणं, रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तक्रार आली तर परिषद दोन्ही बाजू ऐकते, चौकशी करते, आणि दोष सिद्ध झाल्यास ताकीद देण्यापासून नाव नोंदवहीतून काढण्यापर्यंत कारवाई करू शकते. नाव गेलं, की पदवी हातात असूनही व्यवसायाचा हक्क जातो.

आणि परिषद काय करत नाही, तेही पाहा. प्रवेश देण्याचं काम सीईटी कक्षाचं. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. खासगी महाविद्यालयाचं शुल्क ठरवणं शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडे, बहुतेक महाविद्यालयांसाठी ते नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. रुग्णाला नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. चुकीच्या दारात उभं राहून महिने वाया घालवलेले पालक मी पाहिले आहेत. कोणतं काम कोणाचं, हे आधी कळलं तर ते हेलपाटे वाचतात.

२०२१ चा केंद्रीय कायदा

मार्च २०२१ मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी त्यात आली. या कायद्यानुसार ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ ठरण्यासाठी पदवी किमान ३,६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेली असावी लागते. आयोगाने शिक्षणाचा दर्जा ठरवायचा, राज्य परिषदांनी नोंदणी आणि शिस्तीचं काम पाहायचं, आणि देशाची मिळून एक केंद्रीय नोंदवही असायची, अशी ही रचना आहे. नोंदणी नसताना ती असल्याचं भासवणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

२०२५ मध्ये आयोगाने देशभरासाठी नवा अभ्यासक्रम जाहीर केला. वर्षभराच्या इंटर्नशिपसह तो पाच वर्षांचा आहे. महाराष्ट्रात त्याआधी चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप अशी रीत होती. त्यामुळे तुमच्या मुलाच्या तुकडीला कोणता नियम लागू आहे, हे प्रवेशाच्या वर्षीच्या अधिकृत माहितीपत्रकातच पाहा. एकूण खर्च त्यावर अवलंबून आहे.

आता तो ‘डॉक्टर’चा प्रश्न. नव्या अभ्यासक्रमात नावापुढे ‘डॉ.’ आणि नावामागे ‘पीटी’ लावण्याची मुभा आली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याला हरकत घेणारं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. वाद न्यायालयातही गेला. माझं मत स्पष्ट आहे : ज्या दोन अक्षरांबद्दल एवढी ओढाताण आहे, त्यांच्या भरवशावर साडेचार-पाच वर्षांचा निर्णय घेऊ नका. मुलाला माणसाच्या शरीराबद्दल कुतूहल आहे का, एकच हालचाल शंभर वेळा शिकवण्याची चिकाटी आहे का, हे आधी पाहा.

परदेशाची वाट परिषदेतूनच जाते

अमेरिकेत देशाचा मिळून एक परवाना नाही. प्रत्येक राज्याचं स्वतंत्र परवाना मंडळ आहे. भारतीय पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का, याचं आधी मूल्यमापन होतं. मग एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा. २०० ते ८०० या मोजपट्टीवर उत्तीर्ण होण्यासाठी ६०० गुण लागतात. वर्षभरात तीन वेळा आणि आयुष्यात एकूण सहा वेळाच ही परीक्षा देता येते. तिथल्या मंडळांवर सामान्य नागरिकांचे प्रतिनिधीही असतात, आणि कोणाच्या परवान्यावर कारवाई झाली आहे हे लोकांना पाहता येतं. ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ हे नावच कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नसलेल्याला ते लावता येत नाही.

परदेशी परवान्याच्या अर्जाच्या वेळी आपल्या परिषदेकडून ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र मागितलं जातं. तुमची नोंदणी चालू आहे आणि तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, असं त्यात परिषद लिहून देते. नूतनीकरण विसरलेला हुशार विद्यार्थी इथे अडतो. इथली शिस्त तिथेही मोजली जाते.

प्रवेशाआधी एवढं करा

महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे आणि त्याच्या पदवीवर नोंदणी मिळते का, हे परिषदेकडून पडताळा. एजंटाच्या शब्दावर विसंबू नका. रुग्णालय जोडलेलं आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. रिकाम्या खाटांमधून फिजिओथेरपिस्ट घडत नाही. ‘घरबसल्या फिजिओथेरपी पदवी’ अशी जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करा. हातांची विद्या टपालाने येत नाही. परराज्यात शिकणार असाल, तर महाराष्ट्रात परतल्यावर नोंदणीसाठी काय लागेल, ते प्रवेश घेण्याआधीच विचारा.

आणि मुलांनो, नोंदणी क्रमांक मिळेल तो दिवस पदवीदानाइतकाच मोठा माना. तो क्रमांक चिठ्ठीवर, फलकावर, सगळीकडे ठळक लिहा. अनोळखी रुग्ण आपलं दुखरं शरीर निर्धास्तपणे तुमच्या हाती देतो, तेव्हा त्या विश्वासाला कायद्याचा आधार त्या क्रमांकाने मिळालेला असतो. तो आयुष्यभर जपा.